सव्वा कोटी टनांचा अंदाज

जळगावच्या विमानतळावर एटीआर ७२ येऊन थांबलं, पंखे शांत झाले, की उतारू खाली पाय टाकण्याआधी एक कर्मचारी शेपटीखाली जातो आणि तिथे एक दांडा लावतो. टेल स्टँड म्हणतात त्याला. विमान २७ मीटर लांब, पूर्ण भरलं तर २३ टनांचं, आणि त्याच्या शेपटीला आधार एका दांड्याचा. एटीआरमध्ये माणसं मागच्या दारानं चढतात-उतरतात आणि सामानाचा एक कप्पा अगदी पुढे, पायलटच्या पाठीमागे असतो. पुढचं सामान आधी निघालं आणि सत्तर माणसं मागच्या दाराशी दाटीनं उभी राहिली, तर वजन मुख्य चाकांच्या मागे सरकतं आणि नाक आभाळाकडे उचललं जाऊ शकतं.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जेटब्लूच्या एअरबस ए३२१ मधून उतारू उतरत होते. पुढची माणसं उतरून गेली, मागची आत होती, आणि ४४ मीटर लांबीचं ते विमान सावकाश शेपटीवर बसलं. विमान जमिनीवर होतं म्हणून निभावलं. हवेत टेकू लावायला कोणी नसतं.

खानदेशात कपाशीची बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरली की गाडी उलाळते, जू वर जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरली की सगळा भार मानेवर येऊन बैल बसतो. ओझं कण्याच्या जरासं पुढे राहावं लागतं. विमानातही सामान, माणसं, इंधन या सगळ्यांचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो आणि तो पंखांजवळच्या ठरावीक पट्ट्यातच राहावा लागतो. फार पुढे गेला तर धावपट्टी संपत आली तरी नाक उचलत नाही. फार मागे गेला तर नाक गरजेपेक्षा जास्त वर जातं, वेग पडतो, पंखांची उचल सुटते, आणि पायलटनं दांडी पुढे दाबूनही नाक खाली येईलच असं नाही. या दोहोंत मागे जाणं जास्त घातक.

हा पट्टा केवढा असतो? एटीआर ७२ च्या पंखाची सरासरी रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, २.३ मीटर धरतात. गुरुत्वमध्याला फिरायला मिळतो त्याचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम ६० सेंटिमीटर. विमानाच्या लांबीशी ताडून पाहिलं तर हे प्रमाण ४५ ला १ असं पडतं. आता सत्तर उतारू, प्रत्येकाची १५ किलोची बॅग, एकूण १,०५० किलो. त्यातल्या निम्म्या, ५०० किलोच्या बॅगा पुढच्या कप्प्यात जायच्या त्या चुकून मागच्या कप्प्यात गेल्या असं समजू. दोन्ही कप्प्यांमधलं अंतर १५ मीटर धरू. ५०० गुणिले १५, भागिले विमानाचं २२,००० किलो वजन: गुरुत्वमध्य ३४ सेंटिमीटर मागे सरकला. एकही किलो वाढला नाही, एकही बॅग जास्त चढली नाही, आणि अर्ध्याहून अधिक पट्टा संपला. सामान चढवणाऱ्या दोन-तीन माणसांच्या दहा मिनिटांच्या कामात एवढं असतं.

म्हणून लोडरच्या हाती कागद दिलेला असतो: पुढे इतक्या बॅगा, मागे इतक्या. तो कागद त्यानं पाळला या भरवशावर वजन-समतोलाचा तक्ता, म्हणजे लोडशीट, बनते, लोडशीटवरून शेपटीवरच्या फळीचा कोन ठरतो, आणि त्या कोनाच्या भरवशावर पायलट दांडी ओढतो. मोठ्या विमानांत, म्हणजे ए३२० सारख्यांत, सामानाच्या कप्प्याची उंची सव्वा मीटरच्या आसपास असते. उभं राहता येत नाही. माणूस गुडघ्यांवर बसून, एकेक बॅग पाठीमागून घेऊन पुढे रचतो. १८० उतारूंच्या १५ किलोप्रमाणे २,७०० किलो होतात. मे महिन्यात आतली हवा भट्टीसारखी तापलेली असते. शेवटच्या आठ-दहा बॅगा पुढे मावत नाहीत असं दिसलं की त्या मागे सरकवून दार लावण्याचा मोह कुणालाही होईल. तसं केलंच तर निदान सांगायचं, म्हणजे आकडा दुरुस्त होतो. न सांगता सरकवलेल्या दहा बॅगांची नोंद कुठेच नसते. विमानतळावर सगळ्यात कमी पगारावर राबणाऱ्यांत ही माणसं मोडतात आणि सगळ्यात मोठी जबाबदारी असणाऱ्यांतही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रचलेलं सामान जाळ्यांनी बांधून ठेवतात, तेही याचसाठी. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचं मालवाहू बोइंग ७४७ निघालं. पोटात पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या, एकेक १२ ते १८ टनांची. उड्डाण घेताना बांधणी सुटून निदान एक गाडी मागे घसरली आणि शेपटीच्या नियंत्रणाची यंत्रणाच तिनं मोडली. विमान नाक वर करून चढलं, थबकलं आणि कोसळलं. सातही जण गेले.

आता या गणितातला सगळ्यात थक्क करणारा भाग. काउंटरवर आपली बॅग काट्यावर चढते. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांची मर्यादा १५ किलोची; दोन किलो जास्त भरली की पैसे भरा, नाहीतर उघडून काहीतरी काढा. शेव-पापडाचे डबे, भरताची वांगी, कळण्याचं पीठ काढून हातातल्या पिशवीत कोंबणारी आपली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्या बॅगेच्या मालकाला काट्यावर कुणी उभं करत नाही. त्याचं वजन गृहीत धरतात. भारतीय विमानसेवांच्या हिशेबात प्रौढ माणूस ७५ किलोचा, दोन ते बारा वर्षांचं मूल ३५ किलोचं आणि तान्हं बाळ १० किलोचं.

२०२४ साली भारतातल्या देशांतर्गत विमानांतून १६ कोटी १३ लाख उतारूंनी प्रवास केला. सगळे प्रौढ धरले तर ७५ किलोनं गुणल्यावर येतात सुमारे १ कोटी २१ लाख टन. सव्वा कोटी टन माणूस वर्षभरात आभाळात उचलला गेला, आणि काट्यावर जवळपास कोणीच चढलं नाही. भुसावळवरून जाणारी कोळशाची एक मालगाडी साधारण ४,००० टन माल नेते. त्या हिशेबानं या तीन हजारांवर मालगाड्या झाल्या, रोजच्या आठ. कोळशाच्या प्रत्येक वाघिणीचं वजन होतं, पण माणसांचं वजन मात्र गृहीत धरलं जातं.

तरी विमानं सुखरूप जातात, कारण गर्दीत चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एखादा ९५ किलोचा, शेजारची ५५ किलोची. माणसामाणसांतला फरक सरासरीच्या १५ किलो वर-खाली धरला, तर १८० जणांच्या एकूण वजनात चूक पडते ती १५ गुणिले १८० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २०० किलो. साडेतेरा टनांत २०० किलो, शेकडा दीड. हीच रीत १९ जणांना लावली तर चूक ६५ किलोंची, पण आता एकूण वजनच १,४२५ किलो आहे. म्हणजे शेकडा साडेचार. विमान लहान झालं की अंदाज तिपटीनं कच्चा होतो. विमान जितकं लहान, तितकी एकेका माणसाची किंमत जास्त. केदारनाथच्या हेलिकॉप्टरसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक यात्रेकरूला वजनकाट्यावर उभं करतात, ते कुणाचा पाणउतारा करायला नव्हे. तिथे वर्गमूळ मदतीला येत नाही.

आणि हे १९ आसनांचं उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. २३ डिसेंबर २०१७ रोजी उडान योजनेखाली एअर डेक्कननं जळगावला मुंबईशी जोडलं, ते बीचक्राफ्ट १९००डी या विमानानं. १७.६ मीटर लांब, दोन पंखे, १९ आसनांचं. मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या विमानतळावर पाच वर्षांनी नियमित विमान आलं, याचा आनंद अख्ख्या खानदेशाला झाला होता. त्याच जातीच्या विमानानं वजनाच्या हिशेबाचे नियम बदलायला लावले आहेत.

८ जानेवारी २००३. अमेरिकेतलं शार्लट शहर. एअर मिडवेस्टचं ५४८१ क्रमांकाचं बीचक्राफ्ट १९००डी १९ उतारू आणि दोन पायलट घेऊन निघालं. कागदावर वजन १७,०१८ पौंड, मर्यादा १७,१२०. सगळं नियमात. चाकं सुटताच नाक वर जाऊ लागलं आणि जातच राहिलं, ५४ अंशांपर्यंत. पायलटांनी दांडी पूर्ण पुढे दाबली तरी ते थांबेना. उड्डाणानंतर ३७ सेकंदांत विमान तिथल्याच एका हँगरवर आदळलं आणि २१ जण गेले.

चौकशीत दोन चुका एकमेकींना भेटलेल्या सापडल्या. दोन दिवस आधीच्या देखभालीत शेपटीच्या फळीची तार चुकीची ताणली गेली होती. नाक खाली आणण्याची फळीची ताकद निम्म्यावर आली होती. तरीही त्यानंतर हे विमान नऊ वेळा उडालं आणि नऊ वेळा नीट उतरलं, कारण ओझं हलकं किंवा पुढे होतं. दहाव्या खेपेला खरं वजन मर्यादेपेक्षा ५८० पौंड, म्हणजे २६३ किलो जास्त भरलं होतं आणि गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या ४० टक्क्यांऐवजी ४५.५ टक्क्यांवर गेला होता. टक्क्यांत कळत नाही, म्हणून सेंटिमीटरमध्ये सांगतो: साधारण नऊ. अर्धी वीतसुद्धा नाही. फळी नीट असती तर हे नऊ सेंटिमीटर बहुधा निभावले असते. नऊ सेंटिमीटर नसते तर ती फळीही आधीच्या नऊ वेळांसारखी निभावली असती.

मग अमेरिकेच्या विमान प्रशासनानं लहान विमानांच्या उतारूंना खरोखर काट्यावर उभं केलं. पुस्तकातला माणूस आणि काट्यावरचा माणूस यांत सरासरी २० पौंडांचा, नऊ किलोंचा फरक निघाला. आकडे जुने झाले होते, माणसं मात्र वाढत गेली होती. १९ जणांचे नऊ-नऊ किलो, १७१ किलो. जास्तीच्या २६३ किलोंतला मोठा वाटा इथेच सापडतो. बॅगांना दोष देता येईल असा भाग त्यानंतरचा.

इथे वर्गमूळ उपयोगी पडत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. एक जाड, एक बारीक ही चूक एकमेकींना खाते. सगळेच नऊ किलोंनी जाड असले तर चूक नुसती वाढत जाते, आणि १८० जणांच्या विमानात ती १,६२० किलो होते. पैलवानांचा चमू, थंडीत जाड कपड्यांत निघालेलं विमान, लग्नाचं सोनं-भांडी हातात घेऊन निघालेलं वऱ्हाड: सरासरी अशा वेळी गप्प बसते. म्हणून युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये अधूनमधून उतारूंचं वजन घेऊन आकडे ताजे करतात. २०२३ मध्ये एअर न्यूझीलंडनं दहा हजारांवर उतारूंना ऑकलंडला काट्यावर उभं केलं. आकडा पडद्यावर न दाखवता, नाव न लिहिता. आपल्याकडच्या ७५ किलोंच्या आकड्यालाही अशा मोजणीची नितांत गरज आहे असं मला वाटतं.

चूक कुठून शिरेल याचा नेम नसतो. २१ जुलै २०२० रोजी बर्मिंगहॅमहून मायोर्काला निघालेल्या टीयूआयच्या बोइंग ७३७ च्या लोडशीटवर ६५ मुलं दिसत होती. नवी संगणकप्रणाली ज्या देशात लिहिली गेली तिथे ‘मिस’ म्हणजे लहान मुलगी. त्यामुळे नावापुढे ‘मिस’ लावणाऱ्या ३८ प्रौढ बायका ३५ किलोंच्या झाल्या. त्यांना ६९ किलो धरायला हवं होतं. विमान कागदापेक्षा १,२४४ किलोंनी जड होतं. धावपट्टी लांब होती, विमान नीट उडालं. पण सव्वा टन वजन एका संबोधनात दडून बसू शकतं.

लांब धावपट्टी सगळ्यांच्या नशिबी नसते. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळ जाते. जळगावची पावणेदोन किलोमीटर. एटीआरला थंड हवेत, समुद्रसपाटीला, पूर्ण भरून उडायला सुमारे तेराशे मीटर पुरतात. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. विमानांची पुस्तकं १५ अंशांची हवा प्रमाण धरतात. १५ वरून ४५ अंशांवर गेली की हवा शेकडा नऊनं विरळ होते. पंखांना तेवढी उचल कमी, पंख्यांना तेवढा धक्का कमी, इंजिनाला तेवढी हवा कमी. तिन्ही एकाच वेळी. जमिनीवर उन्हाची काहिली अंगाला लागते. हिशेबात ती किलोंच्या रूपानं दिसते. दुपारी जे सामान नेता येत नाही तेच सकाळी सात वाजता आरामात जातं. बॅग मागे राहिली म्हणून काउंटरवर हुज्जत घालणाऱ्या उतारूला हे कुणी समजावून सांगत नाही, आणि सांगायला हवं.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडची एक दुपार इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७, ११८ जण आत, भरलेलं विमान, रणरणतं ऊन. विमानानं जमीन सोडली ती धावपट्टीच्या जवळजवळ टोकाला. पलीकडे रस्ता होता आणि रस्त्यावर कापसाच्या गाठींचा ट्रक. रस्त्यापासून सात फूट उंचीवर डावं चाक आणि इंजिन ट्रकला धडकलं. पुढे उच्च दाबाच्या तारा. ५५ जण गेले, ६३ वाचले. चौकशीनं दोष ठेवला तो नाक उशिरा उचलण्यावर आणि रस्त्यावरची वाहतूक न थांबवण्यावर. समतोलाचा हा अपघात नव्हता. पण जड विमान, तापलेली हवा आणि संपत आलेली धावपट्टी एकत्र आली की सेकंदा-दोन सेकंदांचा उशीर केवढा होतो, हे त्या सात फुटांत दिसतं.

काही मोठ्या विमानांत गुरुत्वमध्याचा समतोल इंधनानंही राखतात. कॉन्कॉर्ड आवाजाचा वेग ओलांडायचं तेव्हा उचलीचा मध्य जवळजवळ दोन मीटर मागे सरकायचा; त्याच्यामागे गुरुत्वमध्य नेण्यासाठी सुमारे २० टन इंधन पुढच्या टाक्यांतून मागच्या टाकीत पंपानं ढकलायचे, आणि वेग कमी करताना परत पुढे आणायचे. ए३३० च्या शेपटीतही टाकी असते.

भारतातली व्यावसायिक हवाई वाहतूक सुरू झाली तीच किलोंच्या हिशेबानं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, पस मॉथ विमानातून. टपालाचं वजन ५५ पौंड, २५ किलो. आजच्या दोन चेक-इन बॅगाही त्यात बसल्या नसत्या. जेआरडी विमान शिकले त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची, १९२८ साली सुरू झालेल्या संस्थेची, शिकाऊ विमानं आता आमच्या धुळ्यात गोंदूरच्या धावपट्टीवरून उडतात. धुळ्याला उतारूंचं विमान नाही. ते पकडायला आम्हाला जळगाव, नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागते. पण भारतातल्या विमानांत उद्या बसणारे कितीतरी पायलट वजनाचं गणित पहिल्यांदा करतात ते इथे, खानदेशच्या उन्हात.

ते गणित कसं असतं ते पाहण्यासाठी सेसना १५२ घेऊ. जगभर शिकाऊंच्या हाती दिलं गेलेलं दोन आसनी विमान. परवानगी ७५७ किलोंची. रिकामं विमान ५०० किलोंच्या आसपास. टाक्या भरल्या की वापरता येण्याजोगं पेट्रोल ९३ लिटर, म्हणजे ६७ किलो. उरले १९० किलो. शिक्षक ८५ आणि विद्यार्थी ८५ असले तर २० किलो हाती राहतात. पण शिक्षक ९५ आणि विद्यार्थी ९० किलोंचा असला, आणि पाठीमागच्या कप्प्यात पाच किलोंची पिशवी टाकली, तर वजन काठावर येतं. आणखी दहा किलो चढवायचे म्हटले तर दहा किलो पेट्रोल कमी करावं लागतं. दहा किलो म्हणजे १४ लिटर. हे इंजिन तासाला २२-२३ लिटर पितं. म्हणजे ३५ मिनिटांहून जास्त उड्डाण कमी झालं, आणि तेवढ्यानं आजचा धडा पुरा होतो की नाही हे विद्यार्थ्यानं चाकं हलण्याआधी कागदावर मांडून शिक्षकाला दाखवायचं असतं.